पश्चिम क्रीट: वाळू, पाणी आणि एक सिनेगॉग



आम्ही क्रीटला जाऊन आलो हे कळल्यापासून ओळखीची मंडळी फोनवर दोनच प्रश्न विचारतात. एक, तिथे चालावे किती लागते? आणि दुसरा, आपल्याला खाण्यासारखे काय मिळते? दोन्हींची उत्तरे पुढे येतीलच. तिथे आपले लोक होते काय, हे मात्र कोणी विचारले नाही. होते. त्यांच्याविषयीही सांगायचे आहे, आणि खरे म्हणजे त्यासाठीच लिहायला बसलो आहोत.

आम्ही म्हणजे आम्ही उभयता आणि आमची नणंद. तिघांची वये मिळून दोनशेवीसच्या घरात. आमच्या ह्यांच्या एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, नणंदेला साखर, आणि आमचे ब्लडप्रेशर. असे हे लटांबर २०२३ सालच्या शाबुओथनंतर, जूनच्या पहिल्या आठवड्यात निघाले. विमान दोन तासांच्या आत उतरते. बेरशेवाहून विमानतळ गाठणे आणि तिथल्या रांगा यातच जास्त वेळ गेला.

बाळांनो, नकाशा काढा आणि भूमध्य समुद्रात ग्रीसच्या खाली पाहा. आडव्या ठेवलेल्या काकडीसारखे एक बेट दिसेल, तेच क्रीट. ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. लांबी सुमारे २६० किलोमीटर, आणि सर्वांत अरुंद जागी रुंदी फक्त १२ किलोमीटर. जुन्या ग्रीक कथेत तालोस नावाचा एक पितळी राक्षस या बेटाची राखण करायचा. दिवसातून तीन वेळा सगळ्या बेटाला फेरी घालायचा आणि परकी जहाजे दिसली की दगड फेकायचा. आम्ही तालोस नव्हे, म्हणून सगळे बेट पाहायचा हट्ट धरला नाही. पश्चिमेकडचा खानिया जिल्हा तेवढा पाहायचा असे ठरवले. नावाचा उच्चार हिब्रूतल्या 'खेत' अक्षरासारखा घशातून करावा. इंग्रजी पाटी वाचून कोणी 'चानिया' म्हटले तर तिथले लोक हसतात.

खानिया शहराच्या पाठीशी पांढरे पर्वत उभे आहेत, त्यांचे नावच तसे, लेफ्का ओरी. सर्वांत उंच शिखर २,४५३ मीटर. आम्ही गेलो तेव्हाही वरच्या घळींत बर्फाचे पट्टे दिसत होते आणि खाली लोक समुद्रात डुंबत होते. याच पर्वतात सामारियाची प्रसिद्ध घळ आहे. १९६२ पासून तिथे राष्ट्रीय उद्यान आहे आणि क्री-क्री नावाच्या रानबकऱ्या आहेत. सुमारे १६ किलोमीटर सगळी उतरण, दगडगोट्यांतून. आम्ही गेलो नाही. ह्यांनी लांबून हात जोडले आणि म्हणाले, "तरुणांनी जावे आणि आम्हाला फोटो दाखवावेत."

जुने बंदर मात्र रोज संध्याकाळी पाहिले. ते व्हेनिसच्या लोकांनी बांधले. १६४५ मध्ये तुर्कांनी शहर घेतले आणि बंदराच्या काठावर एक मशीद उभी केली, ती गोल घुमटांची इमारत आजही आहे. टोकाला दीपगृह आहे. तेही मुळात व्हेनेशियन, पण आजचे रूप एकोणिसाव्या शतकात क्रीटवर इजिप्तचा अंमल होता त्या वेळचे. दुसऱ्या टोकाला फिर्कास किल्ला, तिथे १ डिसेंबर १९१३ रोजी क्रीट ग्रीसला जोडल्याचा झेंडा चढला. म्हणजे बघा, एका बंदरात उभे राहून व्हेनिस, तुर्कस्तान, इजिप्त आणि ग्रीस अशा चार राजवटी दिसतात. फरशी दगडी आणि गुळगुळीत आहे, चपला धरून ठेवणाऱ्या घालाव्यात. दीपगृहापर्यंत धक्क्यावरून चालायला पाऊण तास लागला, तोही दोनदा बसून. बंदरावरची हॉटेले दिसायला छान, पण आमच्या मते जेवायला मागच्या गल्ल्यांत जावे. किंमत कमी आणि वाढणाऱ्या बाईला आपल्याशी बोलायला वेळ असतो.

आता खाण्याचे. आपल्यासारख्यांची अडचण होत नाही. खवलेवाले मासे भरपूर. आपल्याकडे दुकानात 'लब्राक' मिळतो तो तिथे लव्राकी, आणि आपला 'डेनिस' तो तिथे त्सिपुरा. विस्तवावर भाजून लिंबू पिळून देतात. दाकोस म्हणजे बार्लीच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो, चीज आणि वर ऑलिव्हचे तेल. आमच्या कवळ्यांना तो जड गेला. तेल-टोमॅटो मुरेपर्यंत थांबावे, मग मऊ होतो. बुगात्सा नावाचा गरम चीजचा पापुद्र्यांचा पदार्थ खानियाची खासियत, वर साखर घालून खातात. नणंदेने साखर न घालता खाल्ला आणि तरी तिला आवडला.

आणि एक गंमत. ताटात उकडलेली हिरवी भाजी आली, 'व्लिता' म्हणाले. पहिला घास घेतला आणि तिघांनी एकमेकांकडे पाहिले. अहो, माठच तो! कोकणातला माठ, तसाच देठाचा. ते लोक उकडून तेल-लिंबू घालतात, आपण कांदा-लसूण आणि खोबरे घालतो, एवढाच फरक. पुढचे सात दिवस आम्ही रोज व्लिता मागवली. भेंडीही मिळते, तिला 'बाम्येस' म्हणतात, म्हणजे आपल्या इथल्या 'बाम्या'ची बहीण.

समुद्रकिनारे तीन पाहिले. त्यांतला एलाफोनीसी सर्वांत नावाजलेला. खानियाहून सुमारे ७५ किलोमीटर, पण डोंगरी रस्ता असल्याने बसला दोन तासांहून जास्त लागतात. वळणे इतकी की गाडी लागणाऱ्यांनी आधी गोळी घ्यावी आणि पुढच्या बाकावर बसावे. वाटेत तोपोलियाची घळ लागते. खाली उतरलो आणि समोर पाहिले तर पाणी उथळ, फिक्या निळ्या काचेसारखे. वाळू गुलाबी आहे म्हणून गाजली आहे. खरे सांगायचे तर फोटोतला गुलाबी रंग वेगळा आणि डोळ्यांना दिसणारा वेगळा. सगळा किनारा गुलाबी नाही. लाट जिथे येऊन थांबते तिथे गुलाबी रेघ उमटते. समुद्रातल्या बारीक जिवांची कवचे आणि शिंपले फुटून वाळूत मिसळतात, त्यांचा तो रंग. ही वाळू उचलून नेण्यास बंदी आहे. मुलांनो, बाटलीत भरून आणा असे आजी-आजोबांना सांगू नका. सगळ्यांनी एकेक मूठ नेली तर नातवंडांना दाखवायला काही उरणार नाही.

किनाऱ्यासमोर एक छोटे बेट आहे आणि तिथपर्यंत पाण्यातून चालत जाता येते. आम्हा दोघांना अलिबाग आठवले. शाळेत असताना ओहोटीची वेळ विचारून आम्ही कुलाबा किल्ल्यात चालत जायचो आणि भरती यायच्या आत धावत परतायचो. इथे धावायचे कारण नाही. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच. पाणी गुडघ्यापर्यंत, काही जागी कमरेपर्यंत. ह्यांचा हात दोन्ही बाजूंनी धरून आम्ही पलीकडे गेलो. त्या बेटावर १८२४ साली तुर्की-इजिप्शियन सैन्यापासून लपलेली शेकडो माणसे मारली गेली, बायकामुलेसुद्धा. त्याची आठवण तिथे जपलेली आहे. उन्हात छत्र्या लावून पहुडलेल्या लोकांना ते ठाऊक असते की नाही कोण जाणे.

बालोसला जायला किसामोसहून बोट मिळते. डोंगरावरच्या गाडीतळावरून पायऱ्यांनीही उतरता येते, पण उतरलेले परत चढायचे असते हे विसरू नये. आमच्या वयाला बोटच बरी. बोट वाटेत ग्राम्वुसा बेटाला थांबते. तिथे सोळाव्या शतकातला व्हेनेशियन किल्ला आहे, पाण्यापासून १३७ मीटर उंच. नणंद चढून आली, आम्ही दोघे खाली सावली शोधत बसलो. त्या दिवशी वारा फार होता, येताना बोट हलली आणि तिघांच्याही पोटात ढवळले. बालोसचे उथळ पाणी सुंदर आहे, पण सावली जवळजवळ नाहीच.

फालासार्ना आम्हाला सर्वांत जास्त आवडले. रुंद किनारा, पश्चिमेला तोंड, त्यामुळे सूर्य थेट समुद्रात बुडतो, अगदी अलिबागसारखा. बेरशेवाच्या वाळवंटात राहणाऱ्याला असा सूर्यास्त म्हणजे सण. किनाऱ्याच्या उत्तरेला प्राचीन बंदराचे अवशेष आहेत, आणि चमत्कार असा की ते बंदर कोरड्या जमिनीवर आहे. इ. स. ३६५ मध्ये प्रचंड भूकंप झाला आणि पश्चिम क्रीटची जमीन वर उचलली गेली. इथे सहा मीटरहून जास्त, आणखी दक्षिणेला नऊ मीटरपर्यंत. जहाजे बांधायचा धक्का आहे, भिंती आहेत, बुरूज आहेत, पाणी तेवढे नाही. त्याच भूकंपाची लाट थेट अलेक्झांड्रियापर्यंत पोहोचली होती.

जाणाऱ्यांसाठी आमच्या जुन्या धंद्यातल्या चार गोष्टी. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उन्हाच्या प्रवासाआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण अंगातले पाणी लवकर कमी होते आणि उठताना चक्कर येते. तहान लागायची वाट पाहू नये, म्हाताऱ्या माणसाला तहान उशिरा कळते. गोळ्या हातातल्या पिशवीत, सामानाच्या बॅगेत नव्हे. पाण्यात चालायच्या रबरी चपला जरूर न्याव्यात, खडकांवर काटेरी समुद्री किडे असतात. साखर असणाऱ्यांनी तर गरम वाळूवर अनवाणी पाऊलच ठेवू नये, पाय भाजला तरी त्यांना कळत नाही. आमच्या वॉर्डात असे किती पाय पाहिले! तातडीच्या मदतीचा नंबर तिथे ११२.

किसामोसहून परतताना एका दिवशी टॅक्सी करून वूवेस गावी गेलो. तिथे एक ऑलिव्हचे झाड आहे, निदान दोन हजार वर्षांचे. काही जण तीन हजारही सांगतात. खोड म्हणजे पिळलेल्या धुण्यासारखे, आतून पोकळ, आणि वर हिरव्या फांद्या. अजून फळ धरते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये विजेत्यांच्या मुकुटांसाठी याच्या डहाळ्या नेल्या होत्या. शेजारच्या छोट्या संग्रहालयात तेल काढायची जुनी अवजारे मांडली आहेत. ह्यांचे आजोबा रेवदंड्याजवळ घाणा चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून आपल्या लोकांना 'शनवार तेली' म्हणत, हे नव्या पिढीला सांगायला हवे. ह्यांनी जात्यासारखा तो दगड बराच वेळ हाताने चाचपला. बैल कुठल्या बाजूने फिरत असेल यावर दोघा भावंडांचा वाद झाला, तो खानिया येईपर्यंत मिटला नव्हता.

आता सिनेगॉग. जुन्या शहरात बंदरामागे कोंदिलाकी नावाची गल्ली आहे. त्या भागाला अजून 'एव्राइकी' म्हणतात, म्हणजे ज्यू लोकांची वस्ती. आमच्या अलिबागच्या इस्राएल आळीसारखेच. हॉटेलांच्या टेबलांमधून वाट काढत एका बोळात शिरले की फाटक लागते. सिनेगॉगचे नाव एट्झ हाईम, जीवनाचा वृक्ष. ही इमारत पूर्वी व्हेनेशियन काळातले चर्च होती, सतराव्या शतकात ती ज्यू लोकांकडे आली. क्रीटमध्ये ज्यू लोक दोन हजार वर्षांहून जास्त काळ राहत होते. स्पेनमधून हाकललेले आले ते फार नंतर. मूळचे ते ग्रीक बोलणारे, त्यांना रोमानिओत म्हणतात. आपण मराठी बोलणारे, ते ग्रीक बोलणारे. आत बाके समोरासमोर मांडलेली आहेत, एका बाजूला हेखाल, दुसऱ्या बाजूला तेबा. मागच्या बाजूला झऱ्याच्या पाण्याचे मिकवे आणि अंगणात जुन्या रब्बींच्या कबरी. झाडाच्या सावलीत थंड वाटते.

१९४१ च्या मे महिन्यात जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीटवर उतरले. खानियात आणखी एक सिनेगॉग होते, ते बॉम्बहल्ल्यात गेले. तीन वर्षांनी, १९४४ च्या मे महिन्यात पहाटे जर्मनांनी या गल्ल्यांना वेढा घातला आणि सगळ्या ज्यू कुटुंबांना उचलले. अडीचशेहून जास्त माणसे, तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत. त्यांना शहराजवळच्या आगिया तुरुंगात ठेवले. मागे घरे लुटली गेली. मग हेराक्लिओनला नेऊन 'तानाइस' नावाच्या जहाजात घातले. पुढे पिरेअस आणि तिथून आउशविट्झ असा बेत होता. जहाजावर क्रीटचे कैदी आणि इटालियन युद्धकैदीही होते. ९ जून १९४४ च्या पहाटे एका ब्रिटिश पाणबुडीने ते जर्मनांचे जहाज म्हणून टॉर्पेडो मारला. आत कोण आहे हे पाणबुडीवाल्यांना ठाऊक नव्हते. जहाज काही मिनिटांत बुडाले. ज्यू एकही वाचला नाही.

हे ऐकून आमची नणंद हळूच म्हणाली, "नवगाव." दुसरे काही बोललीच नाही. आपण लहानपणापासून ऐकत आलो की पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून आपण सगळे. बुडालेल्यांना किनाऱ्यावर पुरले, तिथे आज स्तंभ आहे, आणि गावी गेलो की आपण तिथे जातो. खानियाच्या लोकांना किनाराही लाभला नाही. सात जोडपी तर राहोच, कथा सांगायला एक जीव उरला नाही.

आम्ही अलिबाग सोडले तेव्हा घराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली होती. काकू मुसलमान होत्या, दर ईदला त्यांच्याकडून शिरखुर्मा यायचा. त्या रडल्या, आम्ही रडलो, आणि आपल्या पायांनी चालत एस. टी. त बसलो. आपल्या आळ्या रिकाम्या झाल्या त्या अशा. गावाकडच्या सिनेगॉगमध्ये मिन्यान जमत नाही म्हणून आपण हळहळतो, पण ती माणसे कुठे आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. अश्दोदला आहेत, दिमोनाला आहेत, ठाण्याला आहेत, फोन केला की बोलतात.

युद्धानंतर एट्झ हाईम ओस पडले, कचऱ्याची जागा झाले. निकोस स्ताव्रुलाकिस नावाच्या गृहस्थांनी ते पुन्हा उभे केले. ते अथेन्सच्या ज्यू संग्रहालयाचे संचालक होते. १९९६ मध्ये जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत या सिनेगॉगचे नाव आले, मदत मिळाली, आणि १९९९ च्या ऑक्टोबरात ते पुन्हा उघडले. २०१० च्या जानेवारीत ते दोनदा पेटवण्यात आले, पुस्तके आणि कागदपत्रे जळाली. त्यांनी पुन्हा दुरुस्त केले. स्ताव्रुलाकिस २०१७ साली वारले, पण काम चालू आहे. सांभाळणाऱ्यांत ज्यू आहेत तसे ख्रिस्तीही आहेत. दर वर्षी जूनमध्ये तानाइसवर गेलेल्यांची नावे तिथे वाचतात.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही शब्बाथच्या प्रार्थनेला गेलो. निरनिराळ्या देशांचे प्रवासी होते, एक अमेरिकन जोडपे, एक फ्रेंच बाई, हैफाची दोन मुले पाठीवर पिशव्या घेऊन आलेली. आमचे हे धरून पुरुष सात झाले. आपल्या रितीने मिन्यान झाले नाही, म्हणून ह्यांनी कद्दीश म्हटला नाही. ओठ मात्र हलत होते. 'लेखा दोदी' त्यांच्या चालीवर झाले. नंतर किद्दुशला तिथल्या बाईंनी ह्यांना विचारले, "तुमच्याकडे चाल वेगळी आहे का?" ह्यांनी आपल्या चालीवर दोन कडवी म्हणून दाखवली. हैफाच्या मुलांनी विचारले, "सबा, हे कुठले?" ह्यांनी सांगितले, "कोकणचे."

बेरशेवाला परत आल्यावर पहिल्याच शनिवारी ह्यांनी हझानना गाठले. सेफेर तोराचे वाचन झाल्यावर आमच्या सिनेगॉगमध्ये तानाइसवरच्या सगळ्यांसाठी हश्काबा झाली. आता ९ जूनच्या जवळच्या शनिवारी दर वर्षी करायची असे ठरले आहे. ज्यांना येता येईल त्यांनी यावे, मुलांनाही आणावे. नंतर चहा आणि सांजा असतो.